मी मीच कशावरून?

…नाही, पण मला एक सांगा, मी मीच आहे हे मी सिद्ध करायचं कसं? घरात आरसा आहे, बायको आहे, एक्केचाळीस वर्षं आहे, उठताबसता ती "तुम्ही असे कसे हो" म्हणते, पण "तुम्ही तुम्हीच कशावरून" असं तिनेसुद्धा कधी विचारलं नाही, लग्नाच्या वेळीही नाही, तेव्हा खरं तर विचारायला हवं होतं! आणि हे यंत्र, टेबलावरचं, ज्याची धूळ मी रोज स्वतःच्या बनियनने पुसतो, ते मला सकाळी सात वाजता विचारतं, "हे खरंच तुम्हीच आहात का, याची खात्री करा." अरे बाबा, मी नसेन तर हा गुडघा कोणाचा दुखतोय?

हसा, हसा. तुमच्यावर येईल तेव्हा मी पहिल्या रांगेत बसेन. आणि तुमचा पासवर्ड मला ठाऊक आहे बरं का… नातीचं नाव आणि पुढे एक दोन तीन. बघा, तो मागचा गृहस्थ कसा दचकला!

तर तुम्हाला सांगतो, मी पाट्या रंगवणारा माणूस. शाळा सातवीपर्यंत, ती सुटली कारण माझ्यापेक्षा मास्तर जास्त कंटाळले. बाकीचं शिक्षण शिडीवर झालं. दाताचा डॉक्टर, वकील, शिंपी, घड्याळवाला, कोण कोण आहे ते मी त्यांच्या दारावर लिहून दिलं तेव्हा लोकांना कळलं. एका वकिलाच्या पाटीवर 'वेळ दहा ते पाच' लिहून झाल्यावर खाली अगदी बारीक अक्षरात 'खरं बोलण्याची वेळ दुपारी एक ते दीड' असं लिहिलं होतं, त्याला अकरा महिने पत्ता नव्हता, आणि म्हणे त्या अकरा महिन्यांत दुपारी एक वाजता गर्दी फार व्हायची. सांगायचा मुद्दा काय, गावभर ज्याने दुसऱ्यांची ओळख रंगवली त्याला आज विचारतात, तुम्ही तुम्हीच कशावरून?

पण हे समजायचं तर आधी खिळ्या समजायला हवा.

खिळ्या माझा मित्र. छापखान्यात खिळे जुळवायचा, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलायचं, ओळीत लावायचं, तेही उलटं, म्हणजे छापलं की सुलटं येतं. त्याचं डोकंही तसंच, आत सगळं उलटं, पण बाहेर पडतं ते बरोबर. साठ वर्षांची दोस्ती. मी मोठी अक्षरं, तो बारीक. दोघं मिळून आम्ही या गावाला किती छळलंय, त्याची यादी करायला बसलो तर तुम्ही उद्या घरी जाल. एकच सांगतो. बागेतल्या बाकावर मी पाटी लावली, 'बसण्यापूर्वी परवानगीपत्र दाखवावे', आणि खिळ्याने परवानगीपत्रं छापली, क्रमांक टाकून, खाली लफ्फेदार सही… आणि लोक दोन दिवस रांगेत उभे राहून ती घेत होते हो! एक म्हातारा तर तक्रार करत होता, मला खिडकीकडचा बाक द्या म्हणून. बागेत खिडकी!

दुपारी छापखान्याचा मालक आत डुलकी काढायचा आणि शटर अर्धं ओढलेलं असायचं. मी आलोय, दुसरं कोणी नाही, हे खिळ्याला कळावं म्हणून आमची खूण ठरलेली. शटरवर बोटाने टक टक… मग जरा थांबून टक… मग पुन्हा थांबून टक टक. दोन, एक, दोन. तेवढी ऐकली की आतून शटर वर. 'कोण' म्हणून विचारणं नाही, 'तूच कशावरून' नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. नाहीतर शेवटी विचाराल, टक टक कुठून आलं, आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल, आणि मला ते आवडेल.

पुढे म्हातारपणी खिळ्या पुतण्याच्या गावी गेला. सहा तासांचा बसचा रस्ता. पुतण्या भला आहे, पण त्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. रविवारी येतो, आठवड्याचं सामान ठेवतो, जातो. हा राहतो एका खोलीत, एकटा. मग आमचा रोज सकाळी सातला फोन. बोलायचं काय? काही नाही. त्याने मला एक शिवी द्यायची, मी त्याला एक, आणि चहा प्यायला मोकळे. बायको म्हणायची, एवढ्यासाठी फोन? तिला म्हटलं, अगं लोक एवढ्यासाठी देवळात जातात.

आणि आठ वर्षांपूर्वी त्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठ काढली, आणि गाठीबरोबर आवाज गेला. पूर्ण. गळ्याला एवढंसं भोक, त्यावर पांढरा रुमाल, आणि खिशात वही. पहिली वही मीच नेऊन दिली होती दवाखान्यात. शुद्धीवर आल्यावर त्याने हात लांब करून ती घेतली आणि पहिलं वाक्य काय लिहिलं माहितीये? "आता तुझं नुसतं ऐकून घ्यायचं, याहून मेलो असतो तर बरं." मी तिथेच एवढा हसलो की नर्सने बाहेर काढलं. बाहेर पायऱ्यांवर बसलो… ते जाऊ द्या. पायऱ्या चांगल्या होत्या, दगडी.

तर फोन संपला. बोलता येत नाही त्याने फोन कशाला बाळगायचा, म्हणून त्याने फोनच काढून टाकला. तेव्हा आमच्या मुलीने मला हे यंत्र आणून दिलं, ईमेल काढून दिलं, तिकडे पुतण्याने त्याला काढून दिलं. आणि करार झाला. रोज सकाळी सातला मी एक शिवी पाठवायची. साडेसातच्या आत त्याची आली पाहिजे. नाही आली तर समजायचं… तुम्ही समजलात. तोंडाने कोणी काही बोललं नाही. तो एकटा राहतो, रात्रीत काही झालं तर रविवारपर्यंत कळायचं नाही, म्हणून हे सगळं, पण हे मी त्याला सांगितलं असतं तर त्याने वही फेकून मारली असती. मी काळजीबिळजी करणारा माणूस नाही. मी शिव्या देतो. "कालच्या चहाच्या गाळा", "गळक्या टर्पेंटाइनच्या डब्या", असं लिहितो मी, आणि तिकडून येतं, "तुझ्यापेक्षा तुझी शिडी हुशार होती, निदान दोन पायांवर उभी राहायची." मग माझा चहा गोड लागतो. बायको म्हणते साखर तेवढीच असते.

आता माझ्या आयुष्यातली एकच खोडी मला पश्चात्तापाची आहे, तीही सांगून टाकतो. पाच वर्षांपूर्वी मी एक सकाळ मुद्दाम शिवी पाठवली नाही. गंमत म्हणून! म्हटलं बघू या, हा काय करतो. दुपारी दार वाजलं. सहा तास बसने धक्के खात आला होता, हातात फुलांचं चक्र, आणि त्यावर फीत, फितीवर त्याने स्वतः छापून आणलेलं, सुबक, मधोमध, "शेवटी गप्प बसला." तो आल्याचं कळताच मी पलंगावर डोळे मिटून पडलो, श्वास धरून. म्हटलं हा जवळ आला की 'भो' करायचं. तो आला. खुर्ची ओढली. बसला. आणि माझं पाऊल हातात धरलं, नुसतं धरलं, सोडेचना, आणि तुम्हाला सांगतो… मला 'भो' करता आलं नाही. मी डोळे उघडले. त्याने बघितलं. चक्र उचललं आणि आला तसा परत निघाला. परतीच्या बसमध्ये त्याच्या छातीत दुखलं. तेव्हापासून गोळ्या सुरू, आणि डॉक्टरांनी सांगितलं, लांबचा प्रवास बंद. तीन दिवस त्याने मला शिवी दिली नाही. चौथ्या दिवशी लिहिलं, "पुन्हा नाही." मी लिहिलं, "पुन्हा नाही." बस. मी आयुष्यात दिलेला हा एकमेव शब्द, आणि तो मी पाळला, आजाराच्या तापात पाळला, मुलीच्या लग्नाच्या सकाळी पाळला, अंगाला साबण असताना पाळला.

आणि हे यंत्र म्हणतं, तुम्ही तुम्हीच कशावरून!

आता तुम्ही म्हणाल, त्या ईमेलवाल्यांनी आधी कळवलं नव्हतं का? कळवलं होतं! तीनदा! खोटं कशाला बोलू, वय झालं आता, पाठांतर राहत नाही. "सुरक्षेच्या कारणास्तव तीस तारखेनंतर जुन्या पद्धतीने, नुसत्या पासवर्डवर, प्रवेश मिळणार नाही. कृपया आपली ओळख दोन पायऱ्यांनी निश्चित करावी." मी वाचलं आणि हसून हसून खोकला लागला. म्हटलं, खिळ्या! दुसरं कोण? ती भाषा बघा, 'कृपया', 'कारणास्तव', 'आपली ओळख निश्चित करावी'… बागेतल्या बाकाचं परवानगीपत्र याच भाषेत होतं हो! मी उलट उत्तर पाठवलं, "तुझी तीस तारीख घडी करून उशीखाली ठेव." दुसऱ्यांदा आलं. मी लिहिलं, "अक्षरं सरळ लाव, सवय गेलेली दिसते." तिसऱ्यांदा आलं तेव्हा खिळ्याला शिवीबरोबर विचारलं, तुझंच ना रे हे? तो म्हणाला, नाही. आता तो नाही म्हणाला म्हणजे तोच, असा साठ वर्षांचा अनुभव! माणसाने अनुभवावर विश्वास ठेवावा की नाही?

एकतीस तारखेला सकाळी सात वाजता मी खुर्चीत बसलो, शिवी तयार होती, चांगली जमली होती, "पुसट शाईच्या माणसा"… बटण दाबलं. यंत्राने पासवर्ड मागितला. आठ वर्षांत कधी मागितला नव्हता. दिला. पुन्हा मागितला. पुन्हा दिला. पुन्हा मागितला. चूक नव्हता हो, यंत्रावरच चिकटवलाय मी तो, रंगवून, सुंदर अक्षरात! किल्ली फिरतेय आणि दार उघडत नाही, अशी गत. साडेसात झाले. तिकडे खिळ्या बसलेला असणार, रुमाल नीट करून, चष्मा लावून.

मुलीला फोन लावला. ती परगावी असते, कामाला निघायच्या घाईत. तिने शांतपणे ऐकलं, आणि म्हणाली, "बाबा, ती पत्रं खरी होती."

मला सांगा, आयुष्यभर ज्याने खोट्या नोटिसा लावल्या त्याला खरी नोटीस ओळखू येणार कशी?

ती म्हणाली, आता नुसता पासवर्ड चालत नाही, दोन पायऱ्या लागतात. म्हटलं, अगं, मी तीन मजली शिडीवर एका हाताने डबा धरून चढलेला माणूस, दोन पायऱ्यांचं काय कौतुक? तर म्हणाली, पहिली पायरी पासवर्ड, दुसरी म्हणजे ते सहा आकड्यांचा कोड पाठवतात, तुमच्या फोनवर. माझ्या फोनवर! तो फोन तीन वर्षांपूर्वी टर्पेंटाइनच्या डब्यात पडला. फोनबरोबर नंबर गेला. नवा नंबर मी यंत्राला सांगितलाच नाही. मला काय माहीत यंत्रालाही कळवायचं असतं, जावयासारखं! जन्मतारीख विचारली, तर ईमेल काढताना मी स्वतःला वीस वर्षांनी लहान केलेलं, गंमत म्हणून, आणि आता नेमकं कोणत्या सालात जन्मलो ते आठवेना. खऱ्या जन्माचं साल दिलं तर यंत्र म्हणालं, माहिती जुळत नाही. म्हणजे खोटं सांगितलं ते पाठ नाही आणि खरं सांगतोय ते चालत नाही… तुम्ही तुम्हीच कशावरून? आता मलाच शंका यायला लागली!

मुलगी म्हणाली, दोन मिनिटांत नवं ईमेल काढून देते, त्यावरून काकांना लिहा. म्हटलं शाब्बास! निघालं सुद्धा नवं. आणि मग ती म्हणाली, "काकांचा पत्ता सांगा."

पत्ता? आठ वर्षं आम्ही एकाच पत्राला उत्तर देतोय. पहिलं पत्र त्याचं आलं, त्याच्याखाली मी, माझ्याखाली तो, असं आठ वर्षांचं शेपूट. यंत्रावर नुसतं 'खिळ्या' दिसतं. पत्ता असतो हेच मला माहीत नव्हतं! पुतण्याचा फोन नंबर? आहे. खिळ्याने पाठवलेला. कुठे? त्याच ईमेलमध्ये! तुम्हाला सांगतो, घरात कुलूप लावून किल्ली आत ठेवणारे बघितलेत, मी तर घरच आत ठेवलं होतं.

पत्र टाकलं लगेच टपालाने. म्हणाले तीन दिवस लागतील. तीन दिवस! त्याला तीन तास पुरेसे होते.

म्हटलं मीच जातो. पायात चपला घातल्या. तर आमची ही दारात उभी. म्हणाली, "तुम्ही निघाल तिकडे आणि भावजी निघतील इकडे. मधल्या रस्त्यात दोन बस एकमेकींना ओलांडतील आणि मी इथे एकटी कोणासाठी चहा टाकू?" बरोबर होतं. ती नेहमी बरोबर असते, फक्त आधी सांगत नाही. मी चपला काढल्या. पण एक पायातच राहिली, दिवसभर, हे मला संध्याकाळी कळलं.

खरं सांगू का? मी मेलो असं त्याने समजणं, याचं मला काही वाटत नव्हतं. मी काय, कधीतरी मरणारच. पण तो बसमध्ये बसणार. खिशात गोळ्या घेऊन, सहा तास, हातात ते चक्र… हे मला नको होतं. एवढंच नको होतं.

पुन्हा यंत्रापाशी. खाली एक ओळ होती, "कोड दुसऱ्या पत्त्यावर पाठवावा का?" मी दाबलं. म्हटलं पाठव बाबा, कुठेही पाठव. यंत्र म्हणालं, पाठवला. कुठे? तिथे एक पत्ता होता, पहिलं अक्षर, शेवटचं अक्षर, आणि मध्ये सगळ्या चांदण्या. मी आमच्या घरात सगळीकडे शोधला कोड, नव्या ईमेलमध्ये बघितलं, बायकोच्या फोनमध्ये बघितलं. नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा पाठवला म्हणे. पाच वेळा दाबलं. मग मुलीचा फोन आला, तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "बाबा, तो चांदण्यांचा पत्ता कोणाचा?"

आणि तुम्हाला सांगतो, माझ्या डोक्यात एकदम शटर वर गेलं.

आठ वर्षांपूर्वी ईमेल काढताना यंत्राने विचारलं होतं, तुम्ही पासवर्ड विसरलात तर कोणाच्या पत्त्यावर विचारायचं? म्हणजे, तुम्ही तुम्हीच आहात हे कोण सांगेल? बाकी सगळ्या रकान्यांत मी थापा मारल्या होत्या. त्या एका रकान्यात मारली नाही. खिशातली चिठ्ठी काढून खिळ्याचा पत्ता लिहिला, एकेक अक्षर बघून, आणि चिठ्ठी गेली धुण्यात.

म्हणजे पाचही कोड गेले खिळ्याकडे! बघा आता. तिकडे हा बसलाय. सातला शिवी नाही. साडेसातला नाही. दहाला एक पत्र येतं, "आपल्या मित्राच्या खात्यात कोणीतरी शिरण्याचा प्रयत्न करत आहे." लगेच दुसरं. मग तिसरं. त्याने काय समजावं? म्हातारा गेला, आणि अजून थंडसुद्धा झाला नाही तोवर घरचे कपाट फोडायला लागले!

मी खुर्चीत मागे टेकलो. बायकोने पाण्याचा पेला आणून ठेवला. ती कधी ठेवत नाही, मागावा लागतो. आणि तो पेला टेबलावर ठेवताना तिची बांगडी लाकडाला लागली. टक.

आणि मला सुचलं.

कोड त्याच्याकडे जातोय ना? आकडे माझ्या उपयोगाचे नाहीत, त्याच्याही नाहीत. पण जातोय! मी इथे बटण दाबलं की तिकडे त्याच्या खोलीत काहीतरी वाजतंय. एवढंच लागतं की! शटरला तरी बोट कुठे होतं, नुसता आवाज होता.

मी बायकोला म्हटलं, स्वयंपाकघरातलं घड्याळ काढून आण. तिने विचारलं नाही का म्हणून. भिंतीवरून काढलं, मांडीवर घेऊन बसली. यंत्र मिनिटाच्या आत दुसरा कोड पाठवू देत नाही, म्हणून मिनिटाच्या अंतराने दोन. मग दहा मिनिटं थांबायचं. मग एक. पुन्हा दहा मिनिटं. मग मिनिटाने दोन. ती घड्याळ बघून म्हणायची, "हं", आणि मी दाबायचो. टक. "हं." टक. मग दहा मिनिटं आम्ही दोघं गप्प. एक्केचाळीस वर्षांत आम्ही दहा मिनिटं गप्प कधी बसलो नव्हतो. तिच्या मांडीवर ते घड्याळ, काच तेलकट झालेली, आणि ती सेकंदकाट्याबरोबर ओठ हलवत होती. मधेच म्हणाली, "तुम्ही पाचला उठून ते यंत्र लावून बसता, आणि सातपर्यंत नुसते बघता, हे मला माहीत आहे." म्हटलं, अगं घड्याळ बघ. "हं." टक. पुन्हा दहा मिनिटं. "हं." टक. "हं." टक.

दोन, एक, दोन.

आणि यंत्राने सांगितलं, "फार वेळा प्रयत्न झाले. चोवीस तासांनी पुन्हा या. तुम्ही तुम्हीच आहात याची खात्री…" मी पडद्यावर टॉवेल टाकला.

त्याला कळलं का? कळणार कसं? आधीची पाच आडवीतिडवी गेली, त्यात ही पाच मिसळली. एखादा म्हणेल पत्रांचा ढीग आला, बंद करून टाकेल. किंवा बघितलंच नसेल. किंवा आठलाच निघाला असेल. तो दिवस कसा गेला विचारू नका. संध्याकाळची बस आली त्या वेळी मी गॅलरीत होतो, सहज, हवा खायला, एक चप्पल घालून. तो नव्हता. नाही आला म्हणजे कळलं, की नाही आला म्हणजे… मी आत आलो. बायकोने जेवायला वाढलं आणि माझ्या ताटातलं निम्मं परत काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी टॉवेल काढला नाही. बसलो नुसता. आठ. दहा. बारा. आणि एक वाजायच्या सुमाराला दारावर…

टक टक.

टक.

टक टक.

मी उठलो आणि चपला शोधायला लागलो, घरातल्या घरात. स्वयंपाकघरातून आमची ही म्हणाली, "उघडा. तुमचा कोड आला."

दारात खिळ्या. गळ्याला स्वच्छ रुमाल, बगलेत पिशवी, हातात चक्रबिक्र काही नाही. दम लागलेला. बायकोने आधी त्याला बसवलं, गोळी घेतली का विचारलं, पाणी दिलं आणि मग झापलं, अगदी मनापासून, की भावजी, डॉक्टरांनी सांगितलेलं कळत नाही का, तुमचं वय काय, ते जाऊ दे, तुम्हाला यांच्यापेक्षा बरा मित्र मिळाला नाही का. त्याने मान खाली घालून सगळं ऐकलं. आवाज गेल्यापासून तो फार नम्र दिसतो.

मग त्याने वही काढली. एका पानावर दहाही कोड लिहून आणले होते, एकाखाली एक, सुबक, आणि शेजारी प्रत्येकाची वेळ. पहिल्या पाचांवर काट मारलेली. खालच्या पाचांमध्ये त्याने जागा सोडली होती. दोन ओळी, मग मोकळी जागा, एक ओळ, मग मोकळी जागा, दोन ओळी. आयुष्यभर खिळे जुळवलेला माणूस. अक्षरं सगळेच वाचतात हो. मधली रिकामी जागा वाचणारा हा एकच.

मी म्हटलं, गाढवा, म्हणजे मी जिवंत आहे हे तुला कालच कळलं होतं. मग आलास कशाला?

त्याने लिहिलं, "जिवंत आहेस म्हणून आलो. मेला असतास तर घाई नव्हती."

मी खिडकीत जाऊन उभा राहिलो. खिडकीची काच पुसली. बाहेरून मळकी होती ती, मी आतून पुसली.

आता उरलं यंत्र. चोवीस तास झालेले. कोड मागवला, गेला त्याच्या ईमेलमध्ये. पण त्याचं ईमेल तिकडे, खोलीला कुलूप, किल्ली याच्या खिशात! म्हटलं इथूनच उघडू तुझं. पासवर्ड? पुतण्याने घालून दिलेला, यंत्राला पाठ, याला नाही. म्हटलं विसरलो म्हणून सांगू. सांगितलं. तर यंत्र म्हणालं, काळजी नसावी, तुमचा कोड तुमच्या दुसऱ्या पत्त्यावर पाठवला आहे. पहिलं अक्षर, शेवटचं अक्षर, मध्ये चांदण्या… मी पत्ता नीट बघितला. माझा होता! त्या शहाण्यानेही त्या रकान्यात मलाच लिहिलेलं! म्हणजे मला विचारलं तर हा सांगणार मी कोण ते, याला विचारलं तर मी सांगणार, आणि आम्ही दोघंही बाहेर, एकाच कोचावर!

मुलीने फोनवर सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, उपाय एकच, काकांनी घरी परत जायचं आणि तिथून कोड सांगायचा, म्हणजे बाबांचं ईमेल सुरू होईल. बरोबर आहे. तिच्या आईवर गेली आहे.

या गोष्टीला आज बारा दिवस झाले. डॉक्टर म्हणाले, प्रवास करायचा नाही, म्हणजे जायचाही नाही. पुतण्याला पत्र टाकलं, तो येऊन कपडे देऊन गेला; कोडचं आम्ही त्याच्याकडे काढलंच नाही. रोज सातला मी चहाच्या कपाखाली चिठ्ठी ठेवतो, साडेसातच्या आत उलटून परत येते. काल आलं, "घोरण्याची सुद्धा पाटी लाव, लोकांना आधी कळू दे." मी आता पाचला उठत नाही. भिंतीपलीकडून त्याचा श्वास ऐकू येतो, त्या भोकातून येतो, जरा शिट्टी वाजते. पुन्हा झोपतो.

आज सकाळी मुलगी चिडली. म्हणाली, बाबा, महत्त्वाचं काही यायचं असेल, एकदा तरी बघा पुन्हा. मग लावलं यंत्र. टॉवेल काढला. खिळ्या शेजारी, चष्मा लावून. वर आली तीच ओळ… "हे खरंच तुम्हीच आहात का, याची खात्री करा." मी हात टेकले. खिळ्याने वही घेतली, पेन्सिलीला थुंकी लावली, सावकाश लिहिलं, आणि वही उचलून पडद्यासमोर धरली, यंत्राला नीट वाचता येईल अशी.

"हाच तो. दुर्दैवाने."